आठ पाट, दोन पाहुणे

‘‘सर्व्हर बंद न करता सीपीयू वाढवता येतात का हो?’’ हा प्रश्न मला मुलाखतीच्या टेबलावर विचारला गेला आहे, प्रशिक्षणाच्या वर्गात विचारला गेला आहे, आणि रात्री सव्वादोनच्या फोनवर किती वेळा विचारला गेला त्याची तर गणतीच नाही. उत्तर एका शब्दाचं आहे : येतात. पण एवढंच सांगून फोन ठेवला की अर्ध्या तासात तोच फोन पुन्हा वाजतो. ‘‘वाढवले, पण फरक काही पडला नाही.’’ या दोन फोनांच्या मधल्या अर्ध्या तासात जे घडतं, किंवा घडायचं राहून जातं, त्याबद्दल ही पुस्तिका आहे.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या बोलण्यातली व्हीएम, हे एका खऱ्या यंत्राच्या पोटात चालणारं आणि स्वतःला खरं समजणारं दुसरं यंत्र. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, पोटातल्याला गेस्ट. गेस्टला जो प्रोसेसर दिसतो त्याच्यामागे स्वतःचं असं सिलिकॉन नसतं. लिनक्सवरच्या केव्हीएममध्ये तर तो होस्टच्या लेखी निव्वळ एक थ्रेड असतो. होस्टवर ‘टॉप’ उघडून थ्रेड दाखवायला सांगितलं, की ‘सीपीयू ०/केव्हीएम’, ‘सीपीयू १/केव्हीएम’ अशी नावं बॅकअपच्या आणि लॉगच्या प्रक्रियांच्या शेजारी गुमान रांगेत उभी दिसतात. गेस्टमधला डेटाबेस ज्याच्या जिवावर उड्या मारतो, तो प्रोसेसर होस्टच्या शेड्यूलरला इतर थ्रेडांसारखाच एक. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो.

मग एक थ्रेड वाढवायला असं काय मोठं लागतं? होस्टच्या बाजूने खरंच फारसं काही लागत नाही. पेच आहे तो गेस्टला पटवण्याचा. चार प्रोसेसर मोजून कामाला लागलेल्या कर्नलला मध्येच सांगायचं की आता आठ आहेत; आणि त्या कर्नलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला, ज्याने सकाळीच घरातली डोकी मोजून पोळ्या लाटल्या आहेत, त्यालाही ते कळलं पाहिजे.

याचा धडा मला ज्या रात्री मिळाला ती सांगतो. पुण्यात बसून परदेशातल्या ग्राहकांचे सर्व्हर सांभाळणारी माणसं हजारोंनी आहेत, मी त्यांतलाच एक. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. ऑर्डर घेणाऱ्या एका व्हीएमला चार व्हीसीपीयू, म्हणजे गेस्टला दिसणारे आभासी प्रोसेसर, होते आणि चारही शंभर टक्क्यांवर. ग्राहकाचा मॅनेजर कॉलवर, आमचा मॅनेजर कॉलवर, आणि कळफलक माझ्या हातात. सुदैवाने त्या व्हीएमची कमाल मर्यादा कुणीतरी शहाण्याने आधीच आठ ठेवली होती. केव्हीएमच्या व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या ‘विर्श’ या कमांड लाइनवर मी एक आदेश दिला, होस्टने आठ व्हीसीपीयू झाल्याचं सांगितलं, आणि कॉलवर तीन-चार जणांनी ‘ग्रेट’ म्हटलं. आलेख ढिम्म हलला नाही.

गेस्टमध्ये शिरून ‘एलएससीपीयू’ चालवलं. एकूण आठ, ऑनलाइन शून्य ते तीन, ऑफलाइन चार ते सात. नवे चार प्रोसेसर दारात चपला काढून उभे होते, त्यांना आत या म्हणायला कुणी नव्हतं. लिनक्समध्ये प्रत्येक सीपीयूच्या नावाची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात ‘ऑनलाइन’ नावाची फाइल. त्या फाइलीत १ लिहायचा, की तो कामाला लागतो. काही लिनक्स वितरणांत यूडेव्हचा नियम हे काम आपणहून करतो. त्या व्हीएममध्ये तो नियम नव्हता. मी चार वेळा १ लिहिला. एकूण वापर शंभरावरून बरोबर पन्नास टक्क्यांवर आला, डॅशबोर्ड लालाचा हिरवा झाला, आणि कॉलवर पुन्हा ‘ग्रेट’.

ऑर्डरींची रांग मात्र तशीच वाढत होती. हिरवा डॅशबोर्ड आणि वाढती रांग एकत्र पाहिल्यावर पोटात जो गोळा येतो, तो या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. कारण शोधायला वीस मिनिटं गेली. ती जावाची सेवा होती. सुरू होताना तिने सीपीयू मोजले, चार भरले, आणि चार कामगार थ्रेडांचा ताफा उभा केला. पुढे आठ झाले काय आणि ऐंशी झाले काय, कामगार चारच. जावाची अधिकृत कागदपत्रं स्वच्छ सांगतात, की उपलब्ध प्रोसेसरांचा आकडा चालू असताना बदलू शकतो, तेव्हा प्रोग्रामने तो अधूनमधून पुन्हा विचारावा. विचारतो कोण? शेवटी आम्ही ती सेवाच रीस्टार्ट केली. चाळीस सेकंद सगळं बंद. जो डाउनटाइम टाळण्यासाठी हा खटाटोप मांडला होता तो घेऊनच सुटका झाली. (रिपोर्टात ‘कमीत कमी व्यत्यय’ असं लिहिलं गेलं. मीच लिहिलं.)

त्या रात्रीपासून मी ‘सीपीयू वाढवला’ हे वाक्य एका दमात म्हणत नाही. हायपरव्हायझरने, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिला का, फर्मवेअरच्या तक्त्यांतून गेस्टला कळवला का, गेस्टच्या कर्नलने कामाला लावला का आणि वरच्या सॉफ्टवेअरने वापरला का, असे चार हात त्यात गुंतलेले असतात. एकाने हात आखडता घेतला तरी उरलेल्या तिघांची मेहनत वाया जाते, आणि त्रास असा की तिघांचेही लॉग ‘यशस्वी’ म्हणत असतात.

यातल्या दुसऱ्या हाताकडे, फर्मवेअरकडे, आपलं सहसा लक्ष जात नाही, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. व्हीएम बूट होताना तिचं फर्मवेअर एसीपीआयचे, म्हणजे यंत्रात काय काय आहे ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारे, तक्ते मांडतं. त्यांतल्या एमएडीटी नावाच्या तक्त्यात प्रोसेसरांची यादी असते : आज हजर असलेले, आणि आज नसले तरी पुढे येऊ शकणारे. कर्नल ही यादी बूटच्या वेळी वाचतो, येऊ शकणाऱ्या प्रत्येकासाठी स्मृतीत जागा राखतो, आणि लॉगमध्ये एक ओळ टाकतो. तिचा मथितार्थ असा, की आठ सीपीयूंना परवानगी, त्यातले सहा हॉटप्लगचे, म्हणजे चालू मशीनमध्ये मागाहून येऊ शकणारे. पुष्कळ जण ही ओळ न वाचता पुढे जातात. पुढे काय करता येईल आणि काय नाही, हे तिथेच ठरून गेलेलं असतं.

पंगतीचा हिशेब ज्यांनी सांभाळला आहे त्यांना हे चटकन कळेल. यजमानाने आठ पाट मांडले, समोर आठ पानं मांडली, बसले दोनच. उरलेले सहा मागाहून आले तर हात धुऊन सरळ पाटावर बसतात, कुणाला उठावं लागत नाही. नववा आला तर मात्र त्याने पुढच्या पंगतीची वाट पाहायची. व्हीएमच्या बाबतीत पुढची पंगत म्हणजे मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणं. लिबव्हर्टच्या व्याख्येत हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिलेले असतात, कमाल आठ आणि सध्या दोन. व्हीएमवेअरमध्ये ‘सीपीयू हॉट ॲड’ नावाची खूण करावी लागते, आणि गंमत पाहा, ती खूण मशीन बंद असतानाच करता येते. चालू यंत्रात बदल करण्याची मुभा यंत्र बंद असतानाच मिळवून ठेवावी लागते. या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं फिरून फिरून याच मुद्द्यापाशी येतात, आणि येऊ द्यावीत असं मला वाटलं.

आता पाटावर बसणाऱ्याकडे पाहू. होस्टने नवा व्हीसीपीयू जोडला की गेस्टला एसीपीआयमार्फत एक इशारा जातो, ‘कुणीतरी आलंय, पाहा.’ कर्नल तक्त्यातली पद्धत चालवून कोण आलं ते शोधतो, नोंद करतो. मग ‘ऑनलाइन’ फाइलीत १ पडला की आधीपासून चालू असलेला एक प्रोसेसर नव्याला उठवतो. एक्स८६ कुळातला हा नवा जीव उठतो तो थेट चौसष्ट बिटांत उठत नाही. तो डोळे उघडतो १९७८च्या ८०८६ प्रोसेसरच्या जगात, सोळा बिटांच्या ‘रिअल मोड’मध्ये, स्मृतीच्या पहिल्या मेगाबाइटमधल्या एका पानावर. तिथे कर्नलने त्याच्यासाठी ठेवलेला छोटासा कोड असतो. तो वाचत वाचत तो पायऱ्या चढतो, बत्तीस बिट, मग चौसष्ट, मग घड्याळ जुळवणं, मग स्वतःचे टायमर, स्वतःची इंटरप्टची व्यवस्था, आणि अखेरीस शेड्यूलरच्या यादीत नाव. २०२४ साली मागवलेल्या क्लाउडच्या आभासी प्रोसेसरलाही ही पंचेचाळीसहून अधिक वर्षांची चढण क्षणार्धात चढावी लागते. मला हा प्रकार फार आवडतो. वर्गात सांगितला की झोपलेला बाकही जागा होतो.

लिनक्समधली ही चढण-उतरण बराच काळ विस्कळीत होती. कर्नलचे वेगवेगळे भाग ‘सीपीयू आला’, ‘सीपीयू गेला’ अशा हाका ऐकून आपापलं काम उरकायचे, आणि कुणी कुणाच्या आधी उरकायचं याचा ताळमेळ नाजूक होता. २०१६च्या सुमारास थॉमस ग्लाइक्सनर आणि सेबास्टियन सीव्हियर यांनी ही व्यवस्था क्रमवार टप्प्यांत बसवली. येताना टप्पे एका क्रमाने चढायचे, जाताना त्याच्या बरोबर उलट क्रमाने उतरायचे. मधल्या एखाद्या टप्प्यावर कुणी नकार दिला, तर चढलेलं सगळं नीट उतरवून मागे यायचं. आज चालू व्हीएममध्ये सीपीयू घालताना आपल्याला जो भरवसा वाटतो, त्यात या सफाईचा वाटा मोठा आहे.

ही यंत्रणा फक्त डेटा सेंटरची मिरास आहे असंही नाही. लिनक्सचा लॅपटॉप गाढ झोपेत घालताना कर्नल पहिला सोडून बाकीचे सगळे सीपीयू एकेक करून ऑफलाइन करतो आणि उठताना परत आणतो. (हल्लीचे बरेच लॅपटॉप उथळ झोपेवर भागवतात, त्यांत हे घडत नाही.) झाकण मिटण्या-उघडण्याच्या या रोजच्या व्यायामानेच ही वाट मळलेली राहिली. नाहीतर वर्षातून दोनदा, रात्री सव्वादोनला वापरलं जाणारं यंत्र कधीच गंजून गेलं असतं.

आता काढण्याबद्दल. जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये असं आपल्याकडे मानतात, आणि सीपीयूच्या बाबतीत ते तांत्रिकदृष्ट्याही खरं आहे. वाढवताना नव्याचं काही जात नसतं. काढताना त्याच्याकडे चालू असलेली कामं दुसऱ्याकडे द्यावी लागतात, टायमर हलवावे लागतात, इंटरप्टची दिशा बदलावी लागते, आणि एका टप्प्यावर तर लिनक्सचा कर्नल क्षणभर सगळ्याच सीपीयूंना ‘स्टॅच्यू’ म्हणतो, म्हणजे जाणाऱ्याच्या हातातलं काही अर्धवट सुटायला नको. एखाद्या प्रक्रियेला कुणी हट्टाने त्याच सीपीयूला बांधून ठेवलं असेल, तर कर्नल ती गाठ सोडवतो आणि लॉगमध्ये तशी नोंद करतो. त्या गाठीवर कुणाचा तरी विलंबाचा हिशेब अवलंबून असतो, हे त्या नोंदीत लिहिलेलं नसतं.

म्हणून व्हीएमवेअरने चालू व्हीएममधून व्हीसीपीयू काढण्याची सोय दिलेलीच नाही. घालता येतो, काढायचा तर मशीन बंद करा. केव्हीएममध्ये काढता येतो, पण ती विनंती असते. गेस्टने मानली तर. आणि इथे एक नाजूक तपशील आहे, तो पहिल्यांदा कळला तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. केव्हीएमला एकदा जन्माला घातलेला व्हीसीपीयू मशीन जिवंत असेपर्यंत नष्ट करताच येत नाही. मग क्यूइमू, म्हणजे होस्टवर केव्हीएमची व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, काय करतं? काढलेल्या व्हीसीपीयूचा कर्नलमधला दुवा ते एका बाजूच्या यादीत ‘पार्क’ करून ठेवतं, आणि उद्या त्याच क्रमांकाचा पुन्हा मागितला तर तोच झटकून परत देतं. गेस्टला वाटतं जुना गेला, नवा आला. प्रत्यक्षात पाहुणा ओसरीवरच बसलेला होता.

इतिहासात फार खोल शिरत नाही, कारण त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. व्हर्च्युअल मशीन ही कल्पना आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरची. तिथली सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली चालू झाली आणि तिच्या वंशातली व्हीएम/३७० कंपनीने २ ऑगस्ट १९७२ रोजी बाजारात जाहीर केली. मेनफ्रेमवरचे ऑपरेटर कन्सोलवर एक आदेश टाइप करून खरा प्रोसेसर ऑनलाइन-ऑफलाइन करायचे, तेही घाम न फुटता. आयबीएमच्याच पॉवर४ यंत्रांवर २००२ साली एआयएक्स ५.२ आलं आणि चालू विभाजनात, म्हणजे यंत्राच्या वाटून दिलेल्या एका हिश्शात, प्रोसेसर घालणं-काढणं दोन्ही शक्य झालं. २००४च्या पॉवर५ने तर प्रोसेसरचा दहावा हिस्साही वाटून द्यायला सुरुवात केली. एक्स८६च्या जगाला यातलं बरंचसं नंतर मिळालं. इंटेलच्या प्रोसेसरांत व्हर्च्युअलायझेशनची मदत २००५मध्ये आली, केव्हीएम लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत फेब्रुवारी २००७मध्ये, आणि व्हीस्फिअर ४मध्ये २००९ साली हॉट ॲड. त्या वर्षीची सादरीकरणं मला आठवतात. मेनफ्रेमवर आयुष्य काढलेला आमचा एक ज्येष्ठ सहकारी मागच्या रांगेत बसून नुसता हसत होता.

आजही सगळीकडे सारखी स्थिती नाही. हायपर-व्हीमध्ये चालू व्हीएमची मेमरी २०१६च्या विंडोज सर्व्हरपासून बदलता येते, व्हीसीपीयूंची संख्या नाही. ॲमेझॉनच्या ईसी२वर इन्स्टन्सचा आकार बदलायचा तर ती थांबवावीच लागते. आर्म ६४च्या गेस्टसाठी लिनक्समध्ये हा आधार २०२४च्या ६.११ आवृत्तीपर्यंत नव्हता. तेव्हा कुणी ‘हल्ली सगळीकडे होतं’ म्हणालं, तर कोणत्या हायपरव्हायझरवर, कोणत्या गेस्टमध्ये, एवढं विचारून घ्यावं.

आता माझी स्वतःची एक चूक. हॉट ॲडची गोडी लागल्यावर मी एका ठिकाणी व्हीएमच्या टेम्प्लेटमध्येच ती खूण करून ठेवली. पुढे लागेल, असू द्या. त्या टेम्प्लेटवरून बनलेल्या छोट्या मशीनना काही झालं नाही. मग त्यावरूनच एक भला थोरला डेटाबेस सर्व्हर बनला, आणि तो जुन्यापेक्षा मंद चालायला लागला. आम्ही डिस्क तपासली, नेटवर्क तपासलं, डेटाबेसवाल्यांशी भांडलो. दोष माझ्या खुणेत होता. मोठ्या सर्व्हरमध्ये मेमरी प्रोसेसरांच्या सॉकेटांजवळ वाटलेली असते. जवळची लवकर मिळते, लांबची उशिरा. याला न्यूमा म्हणतात. व्हीएमवेअर मोठ्या गेस्टला ही रचना दाखवतं, म्हणजे गेस्ट आपलं काम जवळच्या मेमरीपाशी ठेवतो. हॉट ॲड चालू केलं की हे दाखवणं बंद व्हायचं आणि गेस्टला वाटायचं, सगळं घर एकाच खोलीचं आहे. २०२२च्या व्हीस्फिअर ८मध्ये नव्या व्हर्च्युअल हार्डवेअरबरोबर हा तिढा सुटला, पण जुन्या हार्डवेअर आवृत्तीच्या व्हीएम आजही भरपूर चालू आहेत. पाट मांडून ठेवायलाही जागा लागते, हे त्या प्रकरणात मला कळलं.

आणि समजा, सगळं जमलं, तरी सीपीयू वाढवणं हाच उपाय होता का? माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त वेळा नसतो. गेस्टमध्ये ‘टॉप’च्या वरच्या ओळीत ‘एसटी’ असा एक आकडा असतो, स्टील. गेस्ट काम करायला तयार होता पण होस्टने त्याला खऱ्या सीपीयूवर चढूच दिलं नाही, तो वेळ. व्हीएमवेअरकडे हेच ‘रेडी’ म्हणून होस्टवर दिसतं. हा आकडा फुगलेला असेल तर होस्टवर गर्दी आहे. तिथे आणखी चार व्हीसीपीयू देणं म्हणजे खचाखच भरलेल्या लोकलला आणखी चार प्रवासी देणं. वर आणखी एक दुखणं. एका व्हीसीपीयूने कुलूप धरलं आणि नेमकं त्याच क्षणी होस्टने त्याला खाली उतरवलं, तर बाकीचे व्हीसीपीयू त्या कुलपापाशी गरागरा फिरत बसतात. जुनं ईएसएक्स तर एका व्हीएमचे सगळे व्हीसीपीयू एकदमच चढवायचं, त्यामुळे दोनवाल्या व्हीएमला दोन्ही जागा एकदम मोकळ्या होईस्तोवर ताटकळावं लागे. ईएसएक्स ३पासून तो नियम सैल झाला. जास्त व्हीसीपीयूवाली व्हीएम कमीवालीपेक्षा हळू चाललेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि दोन काढून घेतल्यावर ग्राहकाने आभाराची मेल पाठवलेलीही.

म्हणून या पुस्तिकेत संख्येइतकीच जागा बाकीच्या चाव्यांना दिली आहे. वाटा म्हणजे शेअर्स, मर्यादा म्हणजे कोटा, आणि कोणत्या व्हीसीपीयूने कोणत्या खऱ्या कोअरवर बसायचं ते ठरवणारं पिनिंग. या तिन्ही चाव्या केव्हीएमवर चालू मशीनला सहज फिरवता येतात, कारण गेस्टला त्यातलं काही कळावंच लागत नाही. कोटा मात्र जपून. दर १०० मिलिसेकंदांत ५० असा कोटा एका व्हीसीपीयूला लावला, तर तो अर्ध्या वेगाने चालत नाही. ५० मिलिसेकंद पूर्ण वेगाने धावतो आणि उरलेले ५० खिळल्यासारखा उभा राहतो. सरासरी बरोबर येते, पण ज्याची विनंती त्या उभ्या राहिलेल्या काळात सापडते त्याला सरासरीशी काय घेणं?

काही गोष्टी कोणत्याच चावीने चालू मशीनमध्ये बदलत नाहीत. प्रोसेसरचं मॉडेल आणि त्याच्या सूचनांची यादी गेस्ट बूटच्या वेळी वाचतो आणि त्यावर भरवसा ठेवून चालतो. ती पायाखालून काढून घेता येत नाही. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले, तेव्हा हे जगभरच्या ॲडमिननी रात्री जागून शिकून घेतलं. होस्टवर मायक्रोकोड चढवला, गेस्टमध्ये कर्नल चढवला, गेस्ट रीबूट केला, तरी संरक्षणाच्या नव्या सूचना गेस्टला दिसेनात. कारण गेस्टच्या आतून केलेल्या रीबूटमध्ये होस्टवरची जुनी प्रक्रिया तशीच जिवंत राहते आणि गेस्टपुढे जुनाच प्रोसेसर धरते. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय इलाज नव्हता. ‘रीबूट मारला होता सर’ आणि ‘पॉवर ऑफ केला होता सर’ यांतला फरक माझ्या वर्गातल्या मुलांना मी याच उदाहरणाने सांगतो.

परवान्यांबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर कोअरवर मोजून विकलं जात असेल, तर रात्री वाढवलेले चार व्हीसीपीयू सकाळी खरेदी विभागाचा विषय होतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर ही सोय एंटरप्राइज आवृत्तीतच मिळत आली आहे, आणि नवे सीपीयू आल्यावर ‘रीकॉन्फिगर’ हा आदेश दिल्याशिवाय ते वापरात येत नाहीत. पुन्हा तोच चौथा हात.

कुणी म्हणेल, एवढा जीव कशाला आटवायचा? गर्दी झाली की आणखी चार छोट्या व्हीएम उभ्या कराव्यात, ओसरली की पाडाव्यात. जिथे जमतं तिथे अवश्य तसंच करावं. ॲमेझॉनच्या फायरक्रॅकरसारख्या सूक्ष्म व्हीएममध्ये सीपीयू हॉटप्लग नाहीच, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. पण बँकेच्या, कारखान्याच्या, पालिकेच्या कुठल्याही सर्व्हर खोलीत जाऊन पाहा. एकच डेटाबेस, एकच व्हीएम, आणि ती बंद करायची तर सात जणांच्या सह्या. ही पुस्तिका त्या व्हीएमसमोर बसलेल्या माणसासाठी आहे.

भाषेबद्दल दोन शब्द. सुरुवातीला मी हौसेने ‘आभासी प्रक्रियक’ आणि ‘उष्ण जोडणी’ असं लिहून पाहिलं. पहिल्याच वर्गात एका मुलीने विचारलं, ‘‘सर, उष्ण जोडणीला फॅन लावायचा का?’’ तेव्हापासून व्हीसीपीयू आणि हॉट ॲड. आपण कामावर जे बोलतो तेच इथे छापलं आहे. मराठी आहे ती विचार करण्याची.

पुस्तिकेतले प्रयोग घरच्या लिनक्स लॅपटॉपवर करता येतील असेच निवडले आहेत. दोन व्हीसीपीयूंची एक छोटी व्हीएम बनवा, कमाल चार ठेवा, आणि घालून-काढून पाहा. एक फजिती मात्र मुद्दाम करून बघा. ‘लाइव्ह’ हा पर्याय देऊन चार करा, ‘कॉन्फिग’ विसरा, मशीन बंद करून चालू करा, आणि पुन्हा दोनच झालेले पाहा. घरी एकदा केलेली ही चूक कामावर सहसा होत नाही. ग्राहकाच्या सर्व्हरवर पहिला प्रयोग कृपा करून करू नका.

आणि वाचायला बसण्याआधी एवढं करा. ज्या व्हीएमची जबाबदारी तुमच्याकडे आहे, तिच्या व्याख्येत व्हीसीपीयूंचा कमाल आकडा किती लिहिला आहे ते आजच पाहून ठेवा. तो चालू आकड्याएवढाच असेल, तर पुढच्या मेंटेनन्सच्या तिकिटात एक ओळ वाढवा.